थोरलीची कुंडी होणार नाही

७ जानेवारी

तीर्थस्वरूप मामंजींना,

राग वेगळा आणि नमस्कार वेगळा, म्हणून आधी नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही. ताईंनी उचलला की मागे तुमचा खोकला ऐकू येतो आणि ताई म्हणतात, "बाबा झोपलेत गं." झोपेत इतक्या ठसक्यात खोकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तेव्हा पत्र. पत्रापुढे झोपेचं सोंग चालत नाही.

काल हॉटेलवाला येऊन गेला. हातात मोजायची टेप, बरोबर एक माळी. तुमच्या मुलाने वर्कशॉपचं दार उघडून दिलं. मी खिडकीशी माझ्या टेबलावर होते, डोळ्याला भिंग लावून. दोघं थोरलीभोवती फिरले, बॉनेट वर केलं, आणि माळी म्हणाला, "साहेब, इथे दीड फूट माती सहज बसेल."

मी भिंग काढलं. "कसली माती?"

हॉटेलवाला हसून म्हणतो, "वहिनी, हॉटेलच्या दारात ठेवणार ना हिला. आत जे काही उरलंय ते काढून टाकायचं आणि फुलझाडं लावायची. लोक फोटो काढतील."

मामंजी, थोरलीची कुंडी! हे तुम्हाला माहीत होतं का? असेल तर धन्य आहे तुमची, आणि नसेल तर आता झालं.

थोरली हे नाव तुम्हीच ठेवलंत. माझ्या लग्नाच्या दोन महिने आधी ती या घरात आली, टेम्पोत बसून, चाकांशिवाय. म्हणून ती थोरली सून आणि मी धाकटी. आल्यागेल्यालाही तुम्ही तशीच ओळख करून द्यायचात. इतकी वर्षं दोघींपैकी एकीलाच तुम्ही रोज फडक्याने पुसलंत, मी कधी तोंड वाकडं केलं का? आणि आज माझ्यावरच्या रागापायी तिच्या पोटात माती भरायला निघालात.

ऑगस्टात जे झालं त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. माझ्या वडिलांचं खिशातलं घड्याळ तुम्ही माझ्या ड्रॉवरमधून माझ्या नकळत घेतलंत. त्याची डायल पांढरीशुभ्र रंगवलीत. नंबरप्लेटच्या ब्रशने तिच्यावर नवे आकडे काढलेत. आणि कव्हर मशीनवर असं घासलंत की वरची नक्षी गेली ती गेलीच. मग वाढदिवसाला डबीत घालून, वर रिबीन बांधून मला दिलंत. आमच्या घड्याळांच्या धंद्यात जुन्या डायलला कोणी हात लावत नाही, मामंजी. पिवळी पडो, डाग पडो, ती तशीच ठेवायची असते. मी म्हणाले, "तुम्ही माझ्या वडिलांचा चेहरा पुसलात." तुम्ही म्हणालात, "मी घाण पुसली." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून ताईंकडे. जाताना मुलाला सांगितलंत, गाडी हॉटेलवाल्याला देऊन टाक, आता तिचं कोण करणार.

मी करणार.

हॉटेलवाल्याला मी विचारलं, मामंजी तुम्हाला नेमकं काय म्हणाले होते? भला माणूस आहे, खरं ते सांगितलं. "ते म्हणाले, बंद आहे म्हणून देतोय. चालू असती तर कोणाच्या बापाला दिली नसती." झालं तर मग! हॉटेल मार्चमध्ये उघडतंय, सोळा तारखेला त्याचा ट्रक येणार. त्या दिवशी थोरली चालू असेल तर तुमचा शब्द आपोआप सुटला. हॉटेलवाल्याने हसत हसत मान डोलावली. माळी मात्र जरा जास्तच हसला.

मदत मागत नाही. कळवते आहे.

तुमची,
धाकटी


२३ जानेवारी

तीर्थस्वरूप मामंजींना,

नमस्कार. उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते.

तुमची खोकी उघडली. तुम्ही इंजिन खोलून ठेवलंत आणि मग हात ऐकेनासे झाले, म्हणून ते तसंच पडलं होतं. प्रत्येक भाग घासून, पुसून, तेलकट कागदात बाळासारखा गुंडाळलेला, हे मान्य करते. पण क्रम म्हणून काही? नट एका बरणीत, बोल्ट दुसऱ्या बरणीत आणि तिसरीत सासूबाईंचा तो आमटी वाढायचा मोठा डाव, ज्याच्यावरून त्यांनी अख्ख्या घरावर चोरीचा आळ घेतला होता. बिचाऱ्या गेल्या तरी डाव काही मिळाला नाही.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. घड्याळ खोललं की आम्ही त्याचे भाग गोलात मांडतो, घड्याळासारखेच. बारापासून सुरू करायचं आणि पुढे पुढे जायचं. आणि धूळ नको म्हणून प्रत्येकावर एक छोटी काचेची टोपी. वर्कशॉपच्या फरशीवर जुन्या पांढऱ्या चादरी अंथरल्या, बाराच्या जागी क्रँक ठेवला, तीनच्या जागी पिस्टन, असं करत गोल पुरा केला. आता एवढ्या मोठ्या टोप्या कुठून आणणार? स्वयंपाकघरातून आणल्या. तुमच्या मुलाने चहा करायला पातेलं उचललं तर खाली पिस्टन.

"घरात एक भांडं तरी माणसांसाठी ठेव," म्हणाला.

मी म्हटलं, "माणसांना बाहेर जाऊन खाता येतं. पिस्टनला येत नाही."

तो आता बाहेर जेवतो. मलाही आणतो, तेवढं तुमचं वळण आहे.

खरं सांगू, तुम्ही गाडीवाल्यांनी फार बाऊ करून ठेवलाय. मी जन्मभर असले भाग जुळवले की श्वास जोरात सोडला तर कुठे उडाले ते सापडायचे नाहीत. इथला एकेक भाग दोन्ही हातांनी उचलावा लागतो. हरवायची तरी भीती नाही! मोठं घड्याळ आहे झालं, त्याहून जास्त काय?

तुमच्या स्टुलावर मी मुद्दाम डबे रचून ठेवलेत. ते रिकामं दिसलं की माझं कामात लक्ष लागत नाही. एवढं एकच सांगायचं होतं, बाकी सगळी नुसती प्रस्तावना.

धाकटी


११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामंजींना,

नमस्कार आणि पेढे समजून घ्या. इंजिन जुळलं!

एकही भाग उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर ढकलून चारही बाजूंनी पाहिलं असतंत आणि खोड काढायला काही न मिळाल्यामुळे चिडला असतात. तेल तर असं दिलंय की बघत राहावं. सुईच्या टोकावर घेऊन प्रत्येक बेअरिंगला एक एक थेंब. टिपलेला. कुठे ओघळ नाही, डाग नाही. तुमच्या पायाखाली वर्षानुवर्षं जी काळी डबकी साचायची, त्यांनी हे बघून लाजावं.

सुरू करायचं हँडल फिरवायला थोडं जड जातंय. नवं जुळलेलं आहे, जाणारच. उद्या गल्लीच्या उतारावर ढकलून बघणार आहोत. समोरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय की आवाज होईल.

धाकटी


१४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामंजींना,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. किरकोळ काम निघालंय, बारीकसारीक. काळजीचं काही नाही. हवा छान आहे. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

धाकटी


२० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामंजींना,

पार्सल मिळालं. पाच लिटर तेलाचा डबा. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. डब्याला तुमचा भोकं पडलेला बनियन गुंडाळलेला, म्हणून कोणी पाठवलं ते तरी कळलं. ताईंनी फोनवर बाकीचं सांगितलं. म्हणे माझं पत्र वाचता वाचता तुम्ही खुर्चीतून उभेच राहिलात, "थेंब? थेंब?" असं दोनदा ओरडलात आणि तडक कुरिअरवाल्याकडे पळालात. फोन उचलून दोन शब्द बोलला असतात तर कुरिअरचा खर्च वाचला असता. पण मग ते तुम्ही कसले!

डबा उशिरा पोहोचला. मागच्या पत्रात मी थापा मारल्या. किरकोळ काही नाही, दाणादाण उडाली.

बाराला सकाळी गल्लीतल्या पोरांनी ढकललं, उतारावर थोरली धावायला लागली, मी आत बसून गिअर टाकला. आणि ती किंचाळली, मामंजी. एकदाच. मग चाकं जागच्या जागी अडकली आणि माझं कपाळ समोरच्या काचेवर. इंजिन जाम. उघडलं तर मधलं बेअरिंग चरे पडून, वितळून, क्रँकला चिकटून बसलेलं. खालच्या चेंबरमध्ये मी किती तेल घातलं होतं ते आता सांगूनच टाकते. अर्धी वाटी. आणि त्यावरही मनाला रुखरुख, की जास्त तर नाही झालं? तुमच्या मुलाने "एवढंच?" म्हणून विचारलं होतं. मी त्याला गप्प बसवलं.

मी तरी काय करू? घड्याळात तेल जास्त झालं की पसरतं, धूळ धरतं, आणि घड्याळ मरतं. माझ्या वडिलांनी बोटांवर पट्टी मारून मारून ते माझ्या हाडात भिनवलंय. घड्याळवाल्याच्या हातून तेल सांडतच नाही, त्याला मी काय करणार! गल्लीच्या मधोमध, सगळ्यांसमोर, स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडले. काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवाज झाला हो, पण एवढाच होईल असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी क्रँक आणि बेअरिंग घेऊन गावाच्या त्या टोकाच्या ओताऱ्याकडे गेले. बेअरिंगच्या आत मऊ पांढरा धातू ओतायचं काम आता तो एकटाच करतो. त्याने ते चरे बघितले आणि विचारलं, "हे कोणी जुळवलं?"

"मी."

"एरवी काय करता?"

"घड्याळं दुरुस्त करते."

तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "मग बाई, तुम्ही तेल नाही, अत्तर लावलंत," म्हणाला.

नवा धातू ओतून दिला त्याने. पण सांगितलं की हा जसाच्या तसा बसत नाही, हाताने खरवडून बसवावा लागतो. क्रँकला निळा रंग लावायचा, बेअरिंगमध्ये फिरवायचा, जिथे निळं लागेल तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखं निळं लागेपर्यंत. "वैताग येतो बघा," म्हणाला, "माझी पोरंदेखील हे करत नाहीत."

मामंजी, वैताग कोणाला? मला! हेच तर माझं काम. डोळ्याला भिंग लावलं, हातात पाती घेतली, आणि सकाळचं ऊन खिडकीतून माझ्या टेबलावरून सरकत तुमच्या टेबलापर्यंत जातं तोवर मी मान वर केलेली नसते. बायको जिवंत आहे की नाही ते बघायला तुमचा मुलगा अधूनमधून डोकावतो. केसाच्या जाडीइतकं काढायचं, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. आज तिसरं बेअरिंग झालं, मऊ लागतं हाताला. अजून दोन राहिलीत.

तेलाचा डबा उघडलाय. या वेळी मी ते ओतणार आहे, ओतणार! डोळे मिटून का होईना.

धाकटी


६ मार्च

तीर्थस्वरूप मामंजींना,

नमस्कार. अक्षर तुमच्या मुलाचं आहे, कारण माझे हात तेलाने माखलेत. आता आमच्याकडे तेल नुसतं वाहतंय. फरशीवर डबकीसुद्धा झालीत, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल अशी.

इंजिन परत बसलं. हँडल फिरवलं तर लोण्यात फिरल्यासारखं फिरतं. पण पेट घेत नाही. एकदा नुसतं फट् केलं, धूर सोडला आणि गप्प बसली. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, मग हिला अजून काय हवंय ते कळत नाही. तुम्हाला कळलं असतं. हे वाक्य लिहू नको म्हटलं होतं, तरी याने लिहिलं.

ट्रकला अजून दहा दिवस आहेत. काल माळी येऊन झाडांची रोपं कोणती लावायची ते मला विचारून गेला. मी सांगितलं, निवडुंग लाव, तुझ्या हॉटेलच्या दारात.

धाकटी

बाबा, खालचं मी लिहितोय, ती आत गेली आहे. हात तेलाचे वगैरे काही नाहीत. त्या फट्च्या वेळी हँडल उलटं फिरलं आणि तिच्या उजव्या अंगठ्यावर बसलं. हाड शाबूत आहे, पण अंगठा वांग्यासारखा सुजलाय. चिमटा धरता येत नाही. गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच पडलीत. डॉक्टर म्हणाले, हा हात पुन्हा आपटला तर बारीक काम विसरा. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. तिला थांबवा म्हणून सांगणार होतो, पण तुम्ही तिला थांबवू शकला असतात तर तुम्ही आज इथेच असता. आणखी एक. ते घड्याळ, तुम्ही रंगवलेलं. रोज संध्याकाळी ती त्याला किल्ली देते, कोणी बघत नाही असं समजून. आली.


१७ मार्च

तीर्थस्वरूप मामंजींना,

अक्षर माझं आहे. वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. अंगठ्याची सूज उतरत आली. तुमच्या मुलाने मागच्या पत्राच्या शेवटी काय खरडलं ते मला आता कळलं आहे आणि त्याचा हिशोब मी घरच्या घरी केला. होय, देते किल्ली. चेहरा परका झालाय त्याचा, पण चाल तीच आहे. डोळे मिटून कानाशी धरलं की वडील बाकड्याच्या पलीकडे बसलेत असं वाटतं. एवढ्याने तुमचा गुन्हा माफ झाला असं समजू नका.

ताईंचा निरोपही मिळाला. निरोप कसला, कवायतच! तुम्ही म्हणे स्वयंपाकघरात झाडूचा दांडा हातात घेऊन उभे राहिलात आणि ताईंकडून पाठ करून घेतलंत. अंगठा दांड्याला वेढायचा नाही, बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, आणि हँडल नेहमी खालून वर ओढायचं, वरून खाली कधीच दाबायचं नाही. ताई म्हणाल्या, "मला तीनदा करून दाखवायला लावलं गं, शेजारीण बघत होती." आणि तुम्ही शेजारच्या खोलीतच होतात ना? तुमचा खोकला ऐकला मी.

आता ऐका. कालची गोष्ट.

ट्रक सकाळीच आला. मागून हॉटेलवाला, माळी, आणि उचलायला चौघं. गल्लीतले सगळे कठड्यांवर. मी आदल्या दिवसापर्यंत सगळं करून चुकले होते. थोरली ढिम्म. तुमच्या मुलाने हँडल हातात घेतलं, तुमच्या कवायतीप्रमाणे अंगठा बाजूला, आणि ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. त्याचा शर्ट घामाने भिजला. हॉटेलवाला बिचारा हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार कष्ट घेतलेत. पण आता..." आणि ट्रक मागे यायला लागला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, मामंजी, खोटं कशाला बोलू. दोरखंड खाली पडले. माळ्याने बॉनेटमध्ये हात घातला. आणि मी ओरडले, "सगळे गप्प बसा! ट्रक बंद करा!"

इतक्या जोरात ओरडले की ट्रक खरंच बंद झाला.

ठिणगी वाटणाऱ्या त्या डबीचं झाकण मी काढलं, वाकून कान लावला आणि तुमच्या मुलाला म्हटलं, "हळू फिरव. अगदी हळू. ओढू नको, फिरव." तो फिरवत गेला. आतले ठिणगीचे पॉइंट उघडतात तेव्हा बारीक टक् होतं. टक्. टक्. टक्. आणि मग... टक्. लंगडत होतं! एक टक् उशिरा पडत होतं. अशी लंगडी चाल मी जन्मभर ऐकली आहे. दुकानात गिऱ्हाईक दार उघडून आत आलं की त्याच्या खिशातलं घड्याळ लंगडतंय ते मला तो बोलायच्या आधी कळतं. तीच चाल, फक्त घोड्याएवढ्या घड्याळात!

पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात तो पत्राच सैल होता. डोळ्याला दिसणार नाही इतका. माझा सगळ्यात बारीक पेचकस आणला, डाव्या हाताने धरला, कारण उजवा अजून ऐकत नव्हता. पिळला. पुन्हा कान लावला. तुमचा मुलगा फिरवतोय, मी पत्रा केसभर सरकवतेय, हॉटेलवाला श्वास रोखून उभा. टक्, टक्, टक्, टक्. सरळ! शाळेतल्या रांगेसारखी सरळ.

झाकण लावलं. म्हटलं, "आता ओढ."

त्याने ओढलं आणि थोरली गरजली.

मामंजी! काय सांगू तुम्हाला! पहिल्याच ओढीला! भिंतीवरचे पाने खुळखुळले, माळ्याने असा हात मागे घेतला जसा काही विस्तवात घातला होता, धुराचा एक लोट निघाला आणि मग तो आवाज, भरलेला, एकसारखा, पायाच्या तळव्यांतून वर चढणारा. गल्ली टाळ्या वाजवत होती. समोरच्या काकू नाचत होत्या, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसकट. तुमचा मुलगा हँडल हातात धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नाही. मी हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही. जिंकले, मामंजी, मी जिंकले! तुमच्या थोरलीला तुमच्या धाकटीने उठवलं.

मग मी बसले आत, गिअर टाकला आणि तिला बाहेर काढली. ट्रकच्या शेजारून, अगदी अंग चोरून, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. हॉटेलवाल्यालाही शेजारी बसवलं होतं. उतरल्यावर त्याने थोरलीच्या दाराला हात जोडले आणि म्हणाला, "शब्द बंद गाडीचा होता. ही बंद नाही." माणूस मोठ्या मनाचा. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तुमच्या मुलाची ती मेलेली स्कूटर दिली. माळी खूश आहे, सीटखाली भरपूर माती बसते म्हणाला. तुमचा मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता मुद्द्याचं. नव्या बेअरिंगवर गाडी सुरुवातीला लांबवर पण सावकाश चालवावी लागते, धातू एकमेकांना ओळखेपर्यंत. हे तुम्हीच येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचात. आमच्या गल्लीत फेऱ्या मारून ते होणार नाही. ताईंचं घर सोयीच्या अंतरावर आहे, रस्ता सपाट आहे, एवढंच त्याचं कारण. भलता अर्थ काढू नका.

धाकटी


२४ मार्च, तुमच्या लेकीच्या दारासमोर

मामंजी,

हे पत्र मांडीवर वही ठेवून लिहिते आहे, थोरलीत बसून. वर पाठवायला म्हणून सुरू केलंय, कारण जिना चढून तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस अजून गोळा व्हायचंय. इंजिनला घाबरले नाही एवढी तुम्हाला घाबरते मी, सगळ्या जगाला ऐकवते ते सोडा.

काल दिवसभर चालवली. सायकलवाले पुढे जात होते आणि वळून हात करत होते. चढावर थांबून तिला गार होऊ दिलं, तेल बघितलं, पुन्हा बघितलं. तुमचा मुलगा म्हणाला, "तेल आहे गं, पुरे," तरी मी आणखी ओतलं. रात्री ताईंच्या गावाबाहेरच्या लॉजवर राहिलो, आणि आज सकाळी ती पहिल्या ओढीला सुरू झाली. तिच्या अंगावर अजून नुसता राखाडी प्रायमर आहे. रंगाला मी हात लावलेला नाही. तो तुमचा प्रांत, तिथे तुमचा ब्रश चालू दे, हवा तसा चमकवा. घड्याळांच्या डायलींना मात्र पुन्हा शिवायचं नाही. यावर भांडण बाकी आहे आणि ते मी सोडणार नाही, पण ते भांडायला माणूस घरात लागतो. तुम्ही नसताना मला घर खायला उठतं, मामंजी. काम चांगलं झालं की कोणाला दाखवू? वाईट झालं की कोणाचा ओरडा खाऊ? परतीला स्टिअरिंग तुमच्याकडे. हात थरथरले तर गिअर मी टाकीन.

तुमचा मुलगा बाहेर उतरून उभा आहे, विचारतोय, हॉर्न वाजवू का? नको म्हटलं. इंजिन चालूच ठेवलंय. बघू, तुमचे कान अजून शाबूत आहेत का.

गॅलरीचं दार उघडलं.

तुम्हीच. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. खाली बघतही नाही आहात. मान तिरकी करून नुसतं ऐकताय, डोळे मिटून. ओठ हलताहेत. मी एक डोळा तुमच्यावर, एक वहीवर ठेवून लिहिते आहे.

आता खाली बघितलंत. आणि ओरडलात, अख्खी गल्ली दणाणली, ताई मागून धावत आल्या:

"चोक! अगं, चोक ओढलेलाच आहे! आत ढकल, गुदमरतेय ती!"

सात महिन्यांनी माझ्याशी बोललात. ढकलला चोक. आवाज मोकळा झाला, गोड झाला, खरंच गुदमरत होती बिचारी. वर बघते तर गॅलरीत फक्त ताई, तोंडाला पदर लावून हसताहेत, आणि जिन्यावर धाड धाड पावलं.

पत्र पुरं करायची आता गरज नाही. एका पायात चप्पल घालून तुम्ही फाटकातून बाहेर येताय. मी उठून शेजारच्या सीटवर सरकते आहे.